पळसाच्या रानातली काळतोंडी

फाल्गुन सरत आला होता. लातूरहून निघून अहमदपूर, लोहा, नांदेड अशी एस.टी. बदलत गेलो, त्या वाटेवर लिहावं असं फारसं काही नाही. भोकर, हिमायतनगर मागे पडलं आणि किनवटकडं सागाचं जंगल लागलं. उघड्याबोडक्या सागांमध्ये पळस केशरी फुलला होता. मी खिडकीतून बोट दाखवत राहिलो. सोबतचे दाजी थंडपणे म्हणाले, "फुलं दिसतात रे, पण तू म्हणतोस तशी उठून दिसत नाहीत."

दाजी लाल-हिरव्यात गोंधळतात. तरुणपणी एका भरतीत लेखी परीक्षा पास झाले आणि रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचताना अडले. ही ठिपक्यांची चाचणी इशिहारा या जपानी डॉक्टरची, १९१७ सालची.

माहूरला रेणुकादेवीच्या गडावर काळतोंडी वानरं भेटली. एक पिंपळावर बसून तांबूस, कोवळी पानं तेवढी खुडत होतं. जून हिरव्या पानांना हातही लावत नव्हतं.

गाय, कुत्रा आणि बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या. आपल्या पूर्वजांत साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जोडप्रत तयार झाली. दोन्ही प्रती पुढे थोड्या वेगळ्या झाल्या आणि लाल हिरव्यापासून सुटा दिसू लागला. आशिया-आफ्रिकेतली माकडं, वानरं आणि माणूस, सगळ्यांकडे हाच वारसा. तो पिकल्या फळांसाठी टिकला की कोवळ्या पानांसाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पिंपळावरचं ते खुडणं पाहून मी पानवाल्यांच्या बाजूला गेलो.

अमेरिकेतल्या बहुतेक माकडांत वेगळीच गंमत. तिथं नरांना दोनच प्रकारच्या शंकूपेशी; माद्यांपैकी काहींना तीन. एकाच कळपातल्या सख्ख्या बहिणींचंही जंगल निराळं!

पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच, ते आईकडून आलेलं. त्यावरच्या या जनुकांत बिघाड असला तर सावरायला दुसरं नाही; दाजींचं तसंच. आशियातल्या माकडांत मात्र असा दोष फार क्वचित सापडतो.

"म्हणजे हे वानर माझ्यापेक्षा सरस?"

"लाल-हिरव्यात तरी, हो."

दाजींचा चेहरा पडला, तेव्हा मी कोस्टा रिकातल्या कॅपुचिन माकडांची गोष्ट काढली. पानाफांद्यांत बेमालूम मिसळलेले किडे टिपण्यात तिथं दोन शंकूंचीच माकडं वरचढ ठरली आहेत.

दाजी खुलले. "त्या तपासणाऱ्या डॉक्टरला हे कुणी सांगितलं असतं तर!"