पाडव्याला एक कादंबरी

मार्च उजाडला की इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘या वसंतात वाचाव्यात अशा नव्या कादंबऱ्या’ छापाच्या याद्या येऊ लागतात. एक रहस्यकथा, एक प्रेमकथा, एक भुताखेतांची, एक भविष्यातली. पंगतीच्या ताटासारखं डावं-उजवं सगळं नीट वाढलेलं. मराठीत वसंताची अशी यादी सहसा निघत नाही, कारण आपल्या पुस्तकांचे हंगाम निराळे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथेची सुगी दिवाळीत. पुढे साहित्य संमेलनाचा मांडव, मग २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, मार्चअखेरची ग्रंथालयांची खरेदी आणि शेवटी पाडवा. दिवाळी अंकात कथा म्हणून भेटलेलं काहीतरी या सुमारास पुस्तक होऊन बाहेर पडतं आणि बरेचदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना पडतं.

नवी मुंबईतल्या आमच्या उलव्यात हा वसंत धुळीतून येतो. खाडीकडच्या चिखलात फ्लेमिंगो असतात, गव्हाण-वहाळच्या गावठाणांत शिमगा उरकून एकवीरेच्या चैत्री यात्रेचे बेत सुरू होतात आणि सेक्टरांमध्ये नव्या टॉवरांचे स्लॅब पडत राहतात. इथलं सगळंच अलीकडचं. बामणडोंगरी आणि खारकोपरला लोकल आली २०१८च्या नोव्हेंबरात. ती उरणपर्यंत गेली आणि अटल सेतू खुला झाला २०२४च्या जानेवारीत. नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली २५ डिसेंबर २०२५ला. घर नवं, शाळा नवी, किराणावाला नवा, शेजारी तर कालपरवा आलेले. एवढं नवं भोवती असताना वाचायलाही नवंच कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. आपण ज्या जमिनीवर राहायला आलो तिची गोष्ट आपल्याला ठाऊक नसते, आणि ती आजच्या मराठी कादंबरीत वेगवेगळ्या गावांच्या नावांनी लिहिली जाते आहे.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, ओवळे ही नावं आज आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. त्याआधी नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिलेले पाच शेतकरी जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. उलव्यातल्या कितीतरी इमारती याच भूखंडांवर उभ्या आहेत. मात्र आपल्या घराच्या कागदपत्रांत हा इतिहास फक्त ‘१२.५ टक्के योजना’ एवढ्या तीन शब्दांत मावलेला असतो.

हे सगळं डोक्यात असताना लोकलमध्ये कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे उठलेल्या माणसांची आहे. गाव हललं, पण जनावरं मागे राहिली. मागे राहिलेली म्हैस आणायला माणसं जुन्या रानात जातात, तेव्हा ती माणसाळलेली उरलेली नसते. तिने रान स्वीकारलेलं असतं. पुनर्वसनाच्या फाइलीत माणसाचा, घराचा, झाडाचा रकाना असतो. म्हशीच्या मनाचा नसतो. खोत नेमके त्या नसलेल्या रकान्यात शिरतात. बामणडोंगरी सुटून गाडी खाडीवर आली की दोन्ही बाजूंना तिवरं आणि भरतीचं पाणी दिसतं. पुस्तकातलं रान कोल्हापूरकडचं आणि खिडकीतलं पाणी इथलं, तरी प्रश्न तोच राहतो: उठवलेल्यांनी मागे काय काय सोडलं?

हा धागा मराठीत जुना आहे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली अकादमी पुरस्कार मिळाला, तीही धरणग्रस्तांचीच. २०२६च्या जानेवारीत साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. ‘झाडाझडती’त सरकारी यंत्रणेशी समोरासमोर झुंज आहे, तर ‘रिंगाण’मध्ये ती माणसाच्या आणि जनावराच्या आत उतरली आहे. दोन्ही पाठोपाठ वाचल्या की तीसेक वर्षांत आपली कादंबरी कुठून कुठे आली ते समजतं.

प्रकार बदलून पाहायचा असेल तरी मराठी कपाट रिकामं नाही. देविदास सौदागर यांची ‘उसवण’, साहित्य अकादमीच्या २०२४च्या युवा पुरस्काराची. स्वतः शिवणकाम केलेल्या माणसाने लिहिलेली शिंप्याची गोष्ट. तयार कपड्यांनी त्याचं मशीन कसं हळूहळू बंद पाडलं हे वाचल्यावर मॉलमधल्या ‘दोनावर एक फुकट’च्या पाटीखाली पाय जरा अडखळतो. शहरी तरुणाची घालमेल हवी असेल तर प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ आहे. भविष्यकथेत नंदा खरे यांची ‘उद्या’. खरे स्थापत्य अभियंता. माणसावर पाळत ठेवणाऱ्या बाजारयंत्रणेचं चित्र त्यांनी २०१४मध्येच काढून ठेवलं, २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो नम्रपणे नाकारला, आणि २०२२मध्ये गेले. भयकथेत तर रायगड जिल्ह्याचा मान आहे: हृषीकेश गुप्ते नागोठण्याचे. नारायण धारपांच्या भयकथांमधली भीती अंगावर येते. गुप्त्यांच्या ‘दंशकाल’मधली घरात वस्तीला येते आणि नात्यांत मुरते. विज्ञानकथेचं दालन उघडून देणारे जयंत नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नाव बदलून कथा पाठवली होती, कीर्तीची सवलत नको म्हणून. आज यंत्रबुद्धीच्या गप्पा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर चालतात, तेव्हा त्यांची ‘वामन परत न आला’ हातात घेणाऱ्याला ती कालच छापल्यासारखी वाटेल.

यातलं निखळ ‘या वसंतातलं’ किती, असं कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, आणि माझा मुद्दाही तिथेच आहे. अकादमीच्या नियमानुसार पुरस्काराच्या आदल्या वर्षाची पुस्तकं विचारातच घेतली जात नाहीत. त्याआधीच्या पाच वर्षांतली घेतली जातात. म्हणजे पुरस्काराची बातमी येते तेव्हा पुस्तकाला किमान दोन वर्षं होऊन गेलेली असतात. तोवर ते जगायला हवं. मराठीत आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती हा जुना हिशेब. आता डिजिटल छपाईमुळे पाचशे किंवा त्याहून कमीही निघतात. अकरा कोटींहून जास्त लोकांच्या राज्यात पाचशे! त्या पहिल्या पाचशे कोण घेतं यावर लेखक दुसरी कादंबरी लिहिणार की नाही हे ठरतं, आणि आपण मात्र बक्षिसाची बातमी आल्यावर दुकानात जाऊन ‘संपली’ हे ऐकून परत येतो.

उलव्यात पुस्तक बहुतेक वेळा कुरिअरने येतं. गेटवर किराणा, चपला, चार्जर यांच्या ढिगात एक तपकिरी पाकीट असतं. वॉचमन वहीत नोंद करताना विचारतो, शाळेचं का? नाही म्हटलं की त्याला थोडं नवल वाटतं. मोठ्या माणसाने स्वतःसाठी, परीक्षा नसताना पुस्तक मागवावं हे त्याच्या नोंदवहीला नवीन. जवळ हक्काचं ग्रंथालय हवं असेल तर पनवेल गाठावं. के. गो. लिमये वाचनालयासारखी जुनी संस्था तिथे आहे, आणि सभासद झाल्याने वर्गणीपेक्षा जास्त काही खर्च होत नाही.

म्हणून पाडव्यासाठी एवढंच सुचवतो. सोन्याच्या भावाकडे बघून उसासा टाकायचा तो टाकाच, पण एक नवी मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह विकत घ्या. ज्याचं नाव अजून कुठल्या यादीत आलेलं नाही अशा लेखकाचा घ्या. दुकान लांब असेल तर प्रकाशकाला फोन करा. मराठी प्रकाशक अजूनही स्वतः फोन उचलतात. वाचून आवडलं तर मजल्यावरच्या दुसऱ्या दाराला द्या, नाही आवडलं तर लेखकाला तसं कळवा. पुरस्काराची वाट बघू नका.