क्षितिजाशी थबकलेला कण

दोन कण एकाच कृष्णविवराकडे निघाले आहेत. दोघांचं वस्तुमान सारखं, दोघंही फार दुरून, जवळजवळ स्थिर अवस्थेतून सुटलेले. पहिला सरळ आत जाणार आहे. दुसऱ्याचा कोनीय संवेग मात्र इतका नेमका आहे, की तो किंचित जास्त असता तर हा कण वाटेतूनच माघारी फिरला असता आणि किंचित कमी असता तर पहिल्यासारखाच गडप झाला असता. हा दुसरा कण गेले कित्येक दिवस माझ्या मनातून जात नाही.

माक्सिमो बान्यादोस, जोसेफ सिल्क आणि स्टीफन वेस्ट या तिघांनी 2009 साली या कणाचं गणित मांडलं. कृष्णविवर त्याला शक्य असलेल्या कमाल गतीने स्वतःभोवती फिरत असेल आणि हे दोन कण घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून परतता येत नाही त्या सीमेच्या, अगदी जवळ एकमेकांवर आदळले, तर त्या टकरीतल्या ऊर्जेला वरची मर्यादाच उरत नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवरापाशी हेच घडवलं तर काय मिळतं? दोन कणांच्या मूळ ऊर्जेच्या जेमतेम सव्वादोन पट. सगळा फरक त्या फिरण्याचा आहे.

फिरणाऱ्या कृष्णविवराचं वर्णन रॉय केर या न्यूझीलंडच्या गणितज्ञाने 1963 साली समीकरणांत बांधलं. त्यात क्षितिजाच्या बाहेर एक पट्टा येतो, एर्गोस्फिअर नावाचा. तिथे अवकाशच फिरत्या कृष्णविवराबरोबर ओढला जातो. पुराच्या लोंढ्यात नाव जागेवर धरता येत नाही, तसं तिथे कशालाच, प्रकाशालाही, स्थिर राहता येत नाही. आपला पहिला कण या ओढीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आत कोसळतो. दुसरा क्षितिजाच्या गतीशी गती जुळवून त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो, फार हळूहळू जवळ सरकत. क्षितिजाशी दोघांची गाठ पडते तेव्हा त्यांच्यातला सापेक्ष वेग प्रकाशाच्या वेगाला भिडू पाहतो. अमर्याद ऊर्जा येते ती या तफावतीतून.

पण त्या दुसऱ्या कणाच्या स्वतःच्या घड्याळाकडे पाहा. कुठलाही पडणारा कण दूरच्या निरीक्षकाला क्षितिजाशी कायमचा रेंगाळताना दिसतो; स्वतःच्या घड्याळाने मात्र तो ठरावीक वेळात आत गेलेला असतो. या नेमक्या कणाचं तसं नाही. त्याच्या स्वतःच्या घड्याळानेही क्षितिज अनंत काळ दूर आहे. अनंत ऊर्जेची किंमत अनंत काळ. हा हिशेब मला फार सुंदर वाटतो. निसर्गाने काहीही फुकट दिलेलं नाही, तरी दार बंदही केलेलं नाही. कण जितका धीर धरेल तितकी टक्कर मोठी.

खऱ्या आकाशात मात्र कमाल हा शब्द जपून वापरावा लागतो. वायूची तबकडी गिळत वाढणारं कृष्णविवर कमाल गतीच्या 0.998 पटींपुढे जात नाही, असं किप थॉर्न यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं. 2015 साली ज्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या, त्या दोन कृष्णविवरांपासून बनलेलं नवं कृष्णविवर तर सुमारे 0.67 वरच थांबलं. हिंगोली जिल्ह्यात उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा असेच आकडे टिपणार आहे. आणि कृष्णविवर 0.998 ला थांबलं, की दुरून येऊन थेट पडणाऱ्या कणांची टक्कर मूळ ऊर्जेच्या सुमारे साडेनऊ पटींपर्यंतच पोचते. जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात माणूस प्रोटॉनांच्या टकरी सात हजारांहून अधिक पटींनी घडवतो. अवघ्या दोन सहस्रांशांच्या कमतरतेपायी अमर्याद ऊर्जा अशी हाताशी येऊन थांबते. रशियन अभ्यासक ग्रिब आणि पाव्लोव्ह यांनी त्यावर वाट सुचवली: कणाने क्षितिजाजवळच आधी एक टक्कर खाऊन योग्य कोनीय संवेग मिळवला असेल, तर कमाल गतीची अट उरत नाही.

पुढचा प्रश्न, टकरीतल्या ऊर्जेतलं बाहेर किती येतं? क्षितिजालगतच्या खोलीतून वर चढताना जवळजवळ सगळी ऊर्जा खर्ची पडते. बहुतेक ढिगारा तर आतच जातो. सुरुवातीच्या हिशेबांत निसटणाऱ्या कणाला दोघांच्या एकत्रित मूळ ऊर्जेच्या फार तर 1.3 पट ऊर्जा मिळत होती. 2014 साली जेरेमी श्निटमन यांनी कणांच्या वेगळ्या वाटा तपासल्या आणि हा आकडा जवळपास 14 पटींवर नेला.

ही जादा ऊर्जा येते कुठून, हे रॉजर पेनरोज यांनी 1969 मध्ये सांगून ठेवलं होतं. एर्गोस्फिअरमध्ये कण फुटला, तर एक तुकडा ऋण ऊर्जा घेऊन आत पडू शकतो आणि दुसरा मूळ कणाहून श्रीमंत होऊन बाहेर येतो. पण त्यासाठी तुकड्यांना प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त सापेक्ष वेग लागतो, म्हणून कल्पना मागे पडली. तिला पुन्हा उभं केलं ते पुण्यात. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी 1985 मध्ये दाखवलं, की कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर विद्युतभारित तुकड्याला ऋण ऊर्जा त्या क्षेत्रामुळेच मिळते, वेगाची अट गळून पडते. त्यांच्या पुढच्या कामात कार्यक्षमता शंभर टक्क्यांपलीकडे गेली. सगळ्या जगाने कडेला ठेवलेला विचार कुणीतरी इतक्या मायेने पुन्हा हातात घ्यावा, याचं मला कौतुक वाटतं.

ऋण ऊर्जेचा तो तुकडा आत पडतो तेव्हा कृष्णविवराचं वस्तुमानही घटतं आणि फिरणंही. कमाल गतीचं कृष्णविवर अशा एका यशस्वी टकरीनंतर कमाल गतीचं राहत नाही. क्षितिजाची गती उतरते, आणि त्याच्याशी गती जुळवू पाहणाऱ्या पुढच्या कणाला लागणारा तो नेमका कोनीय संवेग आता आधीपेक्षा थोडा जास्त असतो.