अपेक्षित उत्तर

प्राथमिक शाळेतील शिक्षक व्हावे, ही माझी लहानपणापासूनची इच्छा. वडील टपालखात्यात नोकरीस होते. त्यांची बदली रत्नागिरीहून अमरावतीस झाली आणि शालान्त परीक्षेनंतर मी तेथीलच एका अध्यापक विद्यालयात दाखल झालो. ही गोष्ट १९७९ सालची.

पहिल्याच महिन्यात आमच्या प्राचार्यांनी एक निबंध लिहावयास सांगितला. विषय होता, 'माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान'. तोवर मी एकाही मुलास एक अक्षरदेखील शिकविले नव्हते. परंतु तत्त्वज्ञान मात्र आठ पाने भरेल इतके होते! त्यात ताराबाई मोडक यांच्यावर मी विशेष भर दिला होता. ताराबाई काही वर्षे अमरावतीस राहिल्या होत्या, याचाही मला उगाच अभिमान वाटे. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरिबांची मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या वस्तीतील अंगणात नेली. आज गावोगावी ज्या अंगणवाड्या आहेत, त्यांचे नाव तेथून आले. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी हे काम चालविले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. शंख-शिंपले, बिया, खडे, झाडांची पाने हीच तेथील शिकण्याची साधने. हे सारे लिहून मी शेवटी मोठ्या डौलाने म्हटले होते, की मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे. प्राचार्यांनी तो निबंध वर्गात वाचून दाखविला. माझी मान ताठ झाली.

श्रावणात आमचे सराव पाठ सुरू झाले. शहराजवळच्या एका खेड्यातील तिसरीचा वर्ग माझ्या वाट्याला आला. आम्हां छात्राध्यापकांना प्रत्येक पाठाचे टाचण काढावे लागे. त्यात रकाने आखलेले असत. एका रकान्यात आपण विचारावयाचा प्रश्न, दुसऱ्यात मुलांकडून येणारे अपेक्षित उत्तर, तिसऱ्यात फलकलेखन. मूल काय बोलणार, हे आदल्या रात्री कंदिलापाशी बसून आम्ही लिहून काढीत असू! त्या वेळी त्यात कोणास काही नवल वाटत नसे.

माझा पहिला पाठ 'शेतकरी' हा होता. नांगर धरलेल्या शेतकऱ्याचे चित्र फळ्यावर टांगून मी विचारले, "शेतकरी कोठे उभा आहे?"

तिसऱ्या रांगेतील एका मुलाने हात वर केला आणि उठून तो मोठ्याने म्हणाला, "वावरात!"

माझ्या टाचणात 'शेतात' असे लिहिले होते. मी म्हणालो, "वावर नव्हे. शुद्ध बोलावे. काय म्हणावे? शेत." दोन-चार मुले हसली. तो मुलगा खाली बसला. बाकीचा पाठ टाचणात लिहिल्याप्रमाणे तंतोतंत पार पडला आणि निरीक्षकांनी वहीत 'उत्तम' असा शेरा दिला.

तीन दिवस लोटले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या वर्गाचे वृद्ध गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. पान जुळवीत ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तो तिसऱ्या रांगेतला पोरगा आमच्या वर्गातला सर्वांत बडबड्या. हात वर करण्यासाठी उड्या मारायचा. तीन दिवस झाले, तोंड उघडीत नाही. काही झाले का?"

मी 'नाही' असे म्हणून गेलो. आणि म्हणतानाच मला सारे आठवले. वावर हा शब्द अशुद्ध कसा? वऱ्हाडातील हजारो घरांत तो रोज बोलला जातो. त्या मुलाचा बाप वावरात राबे, आई वावरात निंदणीस जाई, सुट्टीच्या दिवशी तो स्वतः वावरात जाई. मी चुकीचा ठरविला तो केवळ एक शब्द नव्हता. त्या रात्री माझा निबंध पुन्हा वाचावयास घेतला, आणि दुसऱ्या पानापुढे मला जाववेना. शाळेने मुलाकडे जावे म्हणणारा मी. आणि मुलाच्या घरचा एक शब्द शाळेत आला, तर त्यास दारातूनच परत पाठविले होते.

दुसऱ्या दिवशी मी टाचण बाजूस ठेवले. निरीक्षक समोर बसले होते, त्यामुळे छातीत धडधडत होते, हे नाकबूल कशाला करू? फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'शेत' लिहिले आणि शेजारी 'वावर'. मुलांस म्हणालो, "हे दोन्ही शब्द आपल्या मराठीचेच आहेत. परवा मी एका मुलाचा शब्द चूक म्हटला. चूक माझी होती. मी कोकणातला, तुमच्या वावरातल्या पुष्कळ वस्तूंची नावे मला येत नाहीत. ती मला कोण सांगेल?"

प्रथम कोणी बोलेना. मग हळूहळू शब्द येऊ लागले. बांधाला धुरा म्हणतात. कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी. कोणी वखर सांगितला, कोणी डवरा. मी लिहीत गेलो. फळा अपुरा पडू लागला. तिसऱ्या रांगेकडे मी मुद्दामच पाहत नव्हतो. त्यास पुन्हा एकट्यास उभे करण्याचे धैर्य मला नव्हते.

कोणीतरी 'तिफन' म्हणाले. ते पेरणीचे अवजार मी पूर्वी एकदाच, तेही लांबून पाहिले होते. तरी धीर करून खडूने त्याचे चित्र काढू लागलो. मागे कुजबूज झाली. वळून पाहतो, तो तोच मुलगा उभा! हात वर केलेला नव्हता; परवानगीही मागितली नव्हती.

"गुरुजी," तो म्हणाला, "तिफनले तीन फन रायते. तुमी दोनच काहाडले."

निरीक्षकांनी त्या दिवशी माझ्या वहीत लिहिले, 'पाठ टाचणास सोडून झाला. वेळेचे भान राहिले नाही.' ती वही अद्याप माझ्याजवळ आहे. मराठी घेऊन एम्.ए. मी पुष्कळ वर्षांनी झालो. त्या सकाळी मात्र मी खडू त्या मुलाच्या हाती दिला. तो फळ्यापाशी आला, टाचा उंचावून उभा राहिला आणि त्याने तिसरा फण काढला.