भंडारदऱ्याचे काजवे आणि बर्फाची पेटी

मेअखेरीस भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू पडतात ते काजव्यांसाठी. पहिल्या पावसाच्या आगेमागे हिरडा-बेहड्याची झाडे रात्री लुकलुकू लागली, की सत्तरीतल्या माणसालाही घरी बसवत नाही; आणि त्याने बसूही नये. मात्र तंबूत फ्रीज नसतो, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी बर्फाची पेटी स्वतःच्या देखरेखीखाली भरून घ्यावी. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते. कुपी बर्फाला टेकली तर ते गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. तळाशी बर्फ, त्यावर टॉवेलची जाड घडी, तिच्यावर झाकणाच्या डब्यात औषध. दहीभात व फळे निराळ्या पेटीत ठेवावीत. नातवंडे ती दर घटकेला उघडणारच! वापरातले पेन साधारणतः 30 अंशांखाली चालते. दुपारी उष्मा वाढला, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळावे व सावलीत ठेवावे. उन्हात उभ्या मोटारीत ते कदापि राहू देऊ नये. रात्री काजवे पाहण्यास निघण्यापूर्वी जेवून घ्यावे. चालण्याने रक्तातली साखर उतरते, तेव्हा विजेरीबरोबर खिशात ग्लुकोजची पुडीही असावी.