एकट्याचें बिऱ्हाड आणि नांदता वाडा

एकट्यानें राहणाऱ्या मनुष्याचे कांहीं गुण असे असतात, कीं ते खरोखर त्याचे आहेत कीं त्याच्या एकटेपणाचे, हें सांगणें कठीण. त्याची प्रत्येक वस्तु जागच्या जागीं असते, त्याच्या हिशेबाच्या वहींत घोटाळा नसतो, त्याच्या घरीं कधीं भांडण होत नाहीं. तोच मनुष्य दहा माणसांच्या घरांत राहावयास आला, म्हणजे आठ दिवसांत कळून येतें, कीं वस्तु जागेवर राहात होती ती त्याच्या टापटिपीमुळें नव्हे, तर ती हलविणारें दुसरें कोणी नव्हतें म्हणून. माणसांविषयीं ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. ती यंत्रांनाही लागू आहे, हें आम्ही आमच्या धंद्यांतील एका प्रसंगानें शिकलों. तो प्रसंग वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचा धंदा यंत्रांच्या पोटांतील लहान प्रोसेसरांसाठीं प्रोग्रॅम लिहिण्याचा. ज्या यंत्राची ही हकीकत आहे, तें म्हणजे रुग्णालयांतून वापरला जाणारा सिरिंज पंप. रोग्याच्या शिरेंत औषध अगदीं सावकाश, तासाला कांहीं मिलिलिटर अशा बेतानें सोडावयाचें असतें. तें काम परिचारिकेच्या हाताऐवजीं एक लहानशी मोटर करते. पंपांत प्रोसेसर एकच आणि त्याला गाभाही एकच, म्हणजे एका क्षणीं एकच काम करण्याची त्याची शक्ति.

त्यावरील प्रोग्रॅम एका चौकटींत बसविलेला होता. अशा चौकटीस फ्रेमवर्क म्हणतात. तिचा नियम असा, कीं कामाचे स्वतंत्र कारभारी नेमावे आणि प्रत्येकास चिठ्ठ्यांची आपापली रांग द्यावी. कारभाऱ्यानें एक चिठ्ठी घ्यावी, तिचें काम पुरें करावें, मगच दुसरी उचलावी. दुसऱ्यापाशीं असलेलें कांहीं हवें असेल तर चिठ्ठी धाडून मागावें. त्याच्या फडताळांत हात घालूं नये. मिरो सामेक यांची ‘क्यूपी’ ही ह्या कुळांतील प्रसिद्ध चौकट. आमची घरगुती होती, परंतु वळण तेंच. पंपांत चार कारभारी होते: ठरलेली मात्रा पुरी होतांच मोटर थांबविणारा पहारेकरी, कळांकडे पाहणारा, किती औषध गेलें तें मांडणारा हिशेबनीस, आणि पटलावर आंकडे दाखविणारा. त्यांच्या मानाचा क्रम ह्याच अनुक्रमानें ठरलेला होता. वरच्या मानाचा उठला, कीं खालच्यानें हातांतलें काम तसेंच ठेवून थांबावें, अशी रीत होती.

हा प्रोग्रॅम तपासावयाचा तर प्रत्यक्ष पंपावरच तपासावा लागे. आठ तासांच्या मात्रेची परीक्षा घेण्यास आठ तास लागत, आणि पंप होते तीन. तोच प्रोग्रॅम टेबलावरच्या संगणकावर चालूं लागला, तर एका रात्रींत शेंकडों परीक्षा होतील, ह्या विचारानें ती चौकट लिनक्सवर नेण्याचें आम्हीं ठरविलें.

अशा स्थलांतराच्या दोन वाटा आहेत. एक, मोठ्या यंत्रावरही लहान यंत्राचें सोंग हुबेहूब वठवावयाचें. रिचर्ड बॅरी यांनीं आरंभिलेल्या ‘फ्री-आरटीओएस’ ह्या प्रणालीची लिनक्सवरील आवृत्ति ह्या वाटेनें जाते. तेथें प्रत्येक कामास स्वतंत्र थ्रेड, म्हणजे कामाचा वेगळा धागा, दिलेला असतो. परंतु एका वेळीं एकालाच मोकळा सोडून बाकीचे थोपवून धरलेले असतात. दुसरी वाट ‘क्यूपी’ची. प्रत्येक कारभाऱ्यास एक थ्रेड द्यावा, आणि ज्याला चिठ्ठी आली त्यानें उठून कामास लागावें, मग त्याच क्षणीं दुसरा जागा असो वा नसो. आमच्या संगणकास आठ गाभे होते. त्यांतले सात स्वस्थ बसवून ठेवणें आम्हांस उधळपट्टी वाटली, म्हणून आम्हीं दुसरी वाट धरली. कारण इतकेंच होतें. पुढें जें उघडकीस आलें त्याचें श्रेय आमच्या दूरदृष्टीस कोणीं देऊं नये.

पहिली अडचण कडीकुलुपाची आली. लहान प्रोसेसरांत कांहीं नाजूक काम करावयाचें असलें, उदाहरणार्थ रांगेंत चिठ्ठी ठेवावयाची असली, तर क्षणभर इंटरप्ट बंद करतात. इंटरप्ट म्हणजे बाहेरून येणारी हांक: कळ दाबली गेली, घड्याळाचा टोला पडला. ही हांकच ऐकूं येईनाशी केली, म्हणजे हातांतलें काम मध्येंच सोडण्याचें कारण उरत नाहीं. एकट्याच्या घरीं बाहेरचें दार लावलें कीं झालें. आंत दुसरें आहे कोण? मोठ्या संगणकावर ही सोय नाहीं. साध्या प्रोग्रॅमास इंटरप्ट बंद करण्याचा अधिकार लिनक्स देत नाहीं, आणि दिला असता तरी एका गाभ्याचे कान झांकल्यानें उरलेले सात थांबले नसते. म्हणून तेथें म्यूटेक्स नांवाचें कुलूप वापरतात. किल्ली एकच, ती ज्याच्या हातीं असेल त्यानें काम करावें, इतरांनीं ती परत येईपर्यंत थांबावें. परंतु जो किल्ली मागतो त्यालाच हें कुलूप अडवितें. न मागतां आंत शिरणाऱ्यास तें दिसतही नाहीं.

शिवाय, इंटरप्ट बंद असतांना पुन्हां बंद करूं म्हटलें तर प्रोसेसराचें कांहीं अडत नाहीं. साधें म्यूटेक्स मात्र, किल्ली हातीं असलेल्यानेंच ती पुन्हां मागितली, तर त्यालाच तिची वाट पाहावयास बसवितें. आमच्या प्रोग्रॅमांत असें दोन ठिकाणीं होतें, आणि पहिल्या दिवशीं तो सुरू होतांच गोठून गेला. ती चूक शोधून काढण्यांत आमचे दोन दिवस गेले.

दुसरी अडचण मानाची. पंपांत पहारेकरी जागा असेपर्यंत हिशेबनीसानें हलावयाचें नाहीं. लिनक्सचा नेहमींचा शिरस्ता सर्वांस न्याय्य वाटणी देण्याचा आहे. कडक मानक्रम हवा असेल तर विशेष परवानगी काढावी लागते, आणि ती मिळाली तरी गाभे पुष्कळ असल्यामुळें वरच्या मानाचा एका गाभ्यावर चालूं असतां खालच्या मानाचा दुसऱ्यावर खुशाल चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरांत आलेल्या लिनक्सच्या ६.१२ ह्या आवृत्तींत वेळेची हमी देणारी रचना मूळ प्रणालींतच समाविष्ट झाली. तिनें उशीर आटोक्यांत राहतो, परंतु आठ जणांचा एक होत नाहीं.

एवढें सर्व जुळवून आम्हीं एका रात्रीं पांचशें परीक्षा लावून दिल्या. सकाळीं पाहतों तों तीन परीक्षांत पंप ठरलेल्या मात्रेपूर्वींच थांबलेला. मात्रा १०.५० मिलिलिटरांची, प्रत्यक्ष गेलें होतें १०.००.

हें कसें घडलें, तें एका घरगुती उदाहरणानें सांगतों. आमच्या घरीं दुधाच्या हिशेबाची वही वहिनींकडे असते. मागील बाकी पुढच्या पानावर ओढून मागच्या पानावर काट मारावयाची, अशी त्यांची पद्धति. एकदां बाकी ओढून झाली होती, काट मारावयाची होती, तोंच दाराशीं कोणी आलें म्हणून त्या उठल्या. तेवढ्यांत आम्हीं ती वही उचलली, दोन्ही आंकडे मिळवले आणि दूधवाल्यास दुप्पट पैसे दिले. वहींत चूक नव्हती. ती अर्धी लिहिलेली होती. आमचा हिशेबनीसही असेंच दोन खणांत लिही: पूर्ण मिलिलिटर एकांत, शंभरांश दुसऱ्यांत. ९.९९ चे १०.०० करतांना तो आधीं नवांचे दहा करी आणि मग नव्याण्णवांचें शून्य. ह्या दोन लिहिण्यांच्या मध्यें कोणी डोकावलें, तर त्यास १०.९९ दिसत. पहारेकरी डोकावला, मात्रा पुरी झाली असें समजला, आणि त्यानें मोटर थांबविली. चिठ्ठी धाडून विचारण्याऐवजीं थेट वहींत पाहण्याची ही मुभा त्यास आम्हींच, चार ओळी वांचाव्या म्हणून, दिलेली होती.

आमचे एक वडील सहकारी म्हणाले, “अहो, हा मोठ्या संगणकाचा रोग आहे. पंप सहा वर्षें चालताहेत. तिथं कधीं असं झालंय का?” त्यांचें म्हणणें वरकरणी खरें होतें. पंपांत घड्याळाचा टोला पडला, कीं आधीं पहारेकरी उठे, पाहून निजे, मग हिशेबनीस लिहावयास बसे आणि पुढील टोल्याच्या पुष्कळ आधीं उठून जाई. दोघांची गांठ पडण्याचा संभवच दिसत नव्हता. लिनक्सवर दोघे एकाच टोल्यानें दोन गाभ्यांवर जागे होत, म्हणून गांठ पडली. आम्हांसही तसेंच म्हणून मोकळें व्हावें असें वाटत होतें.

त्या दिवशीं दुपारीं आमच्या हाताखालीं काम करणारी एक तरुण मुलगी तक्रारींच्या नोंदी घेऊन आली. “सर, हें एकदां पाहा,” एवढेंच ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वीं एका परिचारिकेनें कळविलें होतें, कीं कळा दाबीत असतां पंप वेळेआधींच ‘पूर्ण’ दाखवून थांबला. तिच्याखालीं शेरा होता: ‘तपासलें, दोष आढळला नाहीं.’ शेऱ्याखालीं सही आमची होती.

कळा! कळांच्या कारभाऱ्याचा मान हिशेबनीसाच्या वरचा. कोणी भराभर कळा दाबल्या, तर हिशेबनीसाची पाळी पुढें ढकलली जाऊन अगदीं पुढच्या टोल्याशीं येऊन ठेपेल. टोला नेमका त्या दोन लिहिण्यांच्या मध्यें पडेल. आणि पहारेकरी उठून १०.९९ वाचील. त्याच रात्रीं आम्हीं एका पंपांत त्या दोन लिहिण्यांच्या मध्यें मुद्दाम थोडा विलंब घातला आणि कळा दाबीत बसलों. दहा मिनिटांच्या आंत पंप थांबला. रोग मोठ्या संगणकाचा नव्हता. तो पहिल्या दिवसापासून पंपांतच होता; एकटेपणानें तो झांकला होता.

१९९७ च्या ४ जुलैस मंगळावर उतरलेलें अमेरिकेचें ‘पाथफाइंडर’ यान कांहीं दिवसांतच आपोआप पुन्हां पुन्हां नव्यानें सुरू होऊं लागलें, ही गोष्ट आमच्या धंद्यांत सर्वांस ठाऊक आहे. खालच्या मानाचें काम कुलुपाची किल्ली धरून बसलें, त्याला मधल्या मानाच्या कामानें अडविलें, आणि सर्वांत वरच्या मानाचें काम किल्लीसाठीं खोळंबलें, असा तो प्रकार होता. पृथ्वीवरील जोड यंत्रावर तो घडवून आणून इंजिनियरांनीं दुरुस्ती मंगळावर धाडली. त्यांनींच मागाहून प्रांजळपणें सांगितलें, कीं हा दोष यान उतरण्यापूर्वींच्या परीक्षांत दिसला होता. पुन्हां घडवितां येईना, म्हणून मागें पडला. हें आम्ही कित्येकदां वाचलें होतें, आणि तरीही तो शेरा लिहिला होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वरिष्ठांस सर्व लिहून कळविलें. आपली सहीही लपविली नाहीं. नवे पंप पाठविणें थांबलें, आणि गेलेल्या प्रत्येक पंपांतील प्रोग्रॅम बदलण्याचें ठरलें. रक्तदाब सांवरून धरणारें औषध मध्येंच थांबलें तर काय होईल, हें कोणास समजावून सांगावें लागलें नाहीं. कोणास इजा झाल्याची नोंद आढळली नाहीं. परंतु नोंद नाहीं म्हणजे घडलें नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार त्या शेऱ्यानें आम्ही गमावून बसलों होतों.

दुरुस्ती अगदीं लहान होती. पहारेकऱ्यानें वहींत डोकावणें बंद केलें; हिशेबनीस दोन्ही खण भरून झाल्यावर त्यास चिठ्ठी धाडूं लागला. चौकटीचा मूळ नियमही तोच होता. एकट्याच्या बिऱ्हाडांत तो मोडला तरी चालून गेलें, म्हणून तो आपण पाळीत आहों असा आमचा समज झाला होता.

त्या रात्रीं घरीं पोहोंचावयास बराच उशीर झाला. दुधाची वही नेहमींच्या जागीं होती, आणि दूधवाला सकाळीं येणार होता. आम्हीं वहीला हात लावला नाहीं, वहिनींना हांक मारून विचारलें, “वहिनी, हिशेब पुरा झाला आहे ना?”