कॅशलेस बिल

त्याचा जन्म रिसेप्शनच्या काउंटरवर होतो. रुग्णाचं नाव-वय लिहून झालं की पलीकडून विचारणा होते, ‘मेडिक्लेम आहे का?’ अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड की घाटकोपर, त्याचा पिंड या उत्तरावर ठरतो. ‘नाही’ म्हटलं तर ते अंगानं बारीक राहतं, कारण घरातलं कुणीतरी प्रत्येक तपासणीला ‘ही लागेलच का?’ असं विचारत असतं. ‘आहे’ म्हटलं की विचारणारं कुणी उरत नाही.

मग खोली ठरते. जनरल वॉर्डातून ट्विन शेअरिंगमध्ये, तिथून सिंगल रूममध्ये गेलं की नुसतं भाडं वाढत नाही. बहुतेक ठिकाणी सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, व्हिजिटचे पैसे, सगळंच चढतं. शस्त्रक्रिया मात्र तीच असते आणि करणारे हातही तेच. त्यात हॉस्पिटलच्याच फार्मसीतून हातमोजे, सिरिंज, कॅथेटर येत राहतात. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा अशा वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला.

या बिलाला खाऊपिऊ घालणाऱ्यांत आपणही आहोत. बहुतेक पॉलिसींना २४ तास दाखल असावं लागतं, म्हणून बाह्यरुग्ण विभागात उरकली असती अशी तपासणी दोन रात्रींचा मुक्काम घेते. ‘इतकी वर्षं हप्ता भरलाय, होऊन जाऊ देत सगळ्या टेस्ट’ हे वाक्य डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांच्या तोंडून येतं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून खासगी वैद्यकीय क्षेत्रातल्या गैरप्रकारांवर पुस्तक लिहिलं. या धंद्याबद्दल आतूनच बोलणारे इतके जण निघाले, हे मला फार मोलाचं वाटतं. उपनगरातलं भाडं, यंत्रांचं कर्ज आणि विमा दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून रखडणारे पैसे यांत पिचलेलं छोटं नर्सिंग होमही मी विसरू शकत नाही. पण त्याची भरपाई आजारी माणसाच्या कागदावर दडवून होता कामा नये.

या बिलाला वेसण घालायचा प्रयत्न झाला आहे. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईतल्या अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांत कॅशलेस सोय बंद केली. बिलं फुगवली जातात, ही त्यांची तक्रार होती. पुढे शस्त्रक्रियांचे पॅकेज दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांची ‘पीपीएन’ (प्रिफर्ड प्रोव्हायडर नेटवर्क) यादी आली. कोविडमध्ये, २१ मे २०२० रोजी, राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले: साध्या वॉर्डाचे दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयूचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. म्हणजे मनात आणलं तर दर ठरवता येतात.

कंपनीनं पैसे चुकते केले तरी हे बिल संपत नाही. ते दाव्यांच्या बेरजेत जाऊन बसतं आणि पुढल्या नूतनीकरणाला हप्ता होऊन परततं. काही कंपन्यांच्या तक्त्यात मुंबईचा झोनच वेगळा असतो आणि त्याचा हप्ता चढा. कधी दाखलच न झालेल्या सत्तरीच्या आजींनाही तो भरावा लागतो. ज्येष्ठांचा हप्ता आपल्याशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असं विमा नियामकाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पण कर माफ झाल्यानं बिलाची भूक कमी होत नाही. हप्ता झेपेनासा झाला की घर पॉलिसी सोडतं, तीही नेमकी विम्याची गरज सुरू होते त्या वयात.

राज्याच्या नर्सिंग होम नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर मागा. डिस्चार्जच्या दिवशी, पैसे कंपनी देणार असली तरी, तपशीलवार बिल हातात घ्या, ओळ न् ओळ वाचा, न झालेल्या तपासणीवर बोट ठेवा आणि मगच सही करा.