बाळंतपणानंतरची धडधड आणि माझा थायरॉइड

मैत्रिणींनो, आज माझाच आजार सांगते.

मुलगी झाली तेव्हा मी माहेरी, चुडाव्याला होते. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि एप्रिल लागला. रात्री घर शांत व्हायचं, पूर्ण्याहून नांदेडकडे जाणारी गाडी तेवढी ऐकू यायची, आणि माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. नाडी मोजली तर ११६. पडून असताना! घाम यायचा, पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? डिंकाचे लाडू आणि चार वेळा जेवण चालू असूनही ब्लाऊज ढगळ होत होते. आई म्हणे, "अंगावर पाजतेस, म्हणून वाळलीस." काकूंच्या मते नजर लागली होती. एका दवाखान्यात ईसीजी काढला. ठोके जलद, बाकी ठीक. "पहिलंच बाळ आहे, टेन्शन घेऊ नका." मी स्वतः डॉक्टर, तरी मला ते पटलं.

झबल्याचे बंद बांधताना बोटं थरथरू लागली तेव्हा कुठे शंका आली. हात समोर धरून बोटांवर कागद ठेवला, तर तो फडफडत होता. दुसऱ्याच दिवशी नांदेडला रक्त दिलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी-४ वाढलेलं.

त्याचं असं होतं. गरोदरपणात काहीशी नमती झालेली प्रतिकारशक्ती बाळंतपणानंतर उसळते आणि काही जणींत स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. ग्रंथीत साठवलेलं हार्मोन मग रक्तात झिरपतं, हौदाला चीर पडावी तसं. त्यानंच हृदय पळत सुटतं. इथे हार्मोन नव्यानं जास्त तयार होत नसतं, म्हणून ते तयार होणं थांबवणाऱ्या कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांचा उपयोग नाही. ग्रेव्ह्ज आजारात मात्र त्याच गोळ्या लागतात. तोही बाळंतपणानंतर डोकं वर काढतो. दोन्हींत टीएसएच कमीच दिसतं, म्हणून केवळ तेवढ्या रिपोर्टवर गोळ्या सुरू करू नका. फरक ओळखायला अँटीबॉडीची रक्ततपासणी असते. अंगावर पाजत असाल तर स्कॅन ठरवण्याआधी ते आवर्जून सांगा.

माझी ग्रेव्ह्जची तपासणी निगेटिव्ह आली. धडधडीसाठी काही आठवडे प्रोप्रॅनोलॉल घेतली, पाजणं चालूच ठेवलं. (दमा असेल तर ही गोळी चालत नाही.) सुटले असं वाटलं. सातव्या महिन्यात उलटंच झालं: सतत झोप, बद्धकोष्ठता, थंडी, टीएसएच २८. हौद रिकामा झाला होता. आता थायरॉक्सिन. हा दुसरा टप्पा अनेकींच्या लक्षातच येत नाही, कारण पहिला संपला की तपासणीही थांबते.

प्रत्येक धडधड थायरॉइडची नसते. आपल्याकडे रक्त कमी असणं फार, त्यानंही छाती धडधडते. पण आडवं पडल्यावर दम लागत असेल, पाय सुजले असतील, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडलात, तर थायरॉइडच्या रिपोर्टची वाट पाहू नका. बाळंतपणानंतर हृदयाचा स्नायूच कमकुवत होऊ शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन इको करा.

माझी गोळी दीड वर्षानं बंद झाली. टीएसएच मात्र वर्षातून एकदा करतेच. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आईनं पेढ्यांच्या आधी विचारलं, "थायराइड बघितलंस का गं?"